हक्क आणि दाद : बॅरिस्टर आंबेडकरांची वकिली

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे महाडचे तळे येते, नागपूरचा दीक्षासमारंभ येतो आणि हातात घटनेचे पुस्तक धरलेला पुतळा येतो. या तिन्हींच्या मागे एक माणूस झाकून राहिला आहे. अंगात काळा झगा, काखेत अशिलाचे कागद आणि उद्याच्या तासासाठी काढलेली टिपणे. 1923 साली त्याने वकिलीची सनद घेतली आणि पुढली पुष्कळ वर्षे वकिली व अध्यापन यांवर आपला संसार आणि बरेचसे सार्वजनिक कार्यही चालविले. आज मला या वकिलाविषयी आणि प्राध्यापकाविषयी बोलावयाचे आहे.

मी कायद्याचा पदवीधर नाही. शाळा दहावीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटवर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा घटनेची कलमे मी पंडितासारखी उलगडून दाखवीन अशी अपेक्षा धरू नये. परंतु कागदावर हक्क आहे आणि हातात काही नाही, अशा माणसाचे तोंड कसे दिसते ते मी रोज पाहतो. त्या बाजूने या चरित्राकडे पाहिले तर एक गोष्ट ठळक होते. आपल्या घटनेत हक्क तर लिहिलेच आहेत. पण हक्क मोडला तर दाद मागणे, हाही एक हक्कच म्हणून लिहिला आहे. हे शहाणपण नुसत्या ग्रंथवाचनाने आले, असे मला वाटत नाही. खालच्या कोर्टांतल्या वकिलीचा त्यात मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे.

आरंभ बेताचाच होता. 1916 साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात 1918 ते 1920 अर्थशास्त्राची प्राध्यापकी केली. तेथे विद्यार्थी मन लावून ऐकत, आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला या प्राध्यापकाने हात लावू नये असे काही सहकाऱ्यांना वाटे. पुन्हा विलायतेस जाऊन, बॅरिस्टर होऊन ते 1923 साली परत आले. सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राच्या मदतीने ती घेतली.

सनद मिळाली, पण खटले कोठून यावेत? मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकाराने थेट बॅरिस्टरकडे जाण्याची रीत नव्हती. मध्ये सॉलिसिटर असे आणि तो ज्याला कागद देईल तो बॅरिस्टर उभा राही. महाराच्या पोराला कागद कोण देणार? आमच्या कंत्राटी कामगारांत मुकादमाने नाव पुकारल्याशिवाय गेट उघडत नाही, तसलाच हा प्रकार. फक्त झगे आणि कॉलर स्वच्छ. तेव्हा बाबासाहेबांना खालच्या कोर्टांत, जिल्ह्याच्या गावी, मिळेल ते काम घ्यावे लागले. राहणे परळच्या पोयबावडीला बी. आय. टी. चाळीत, बसणे-उठणे दामोदर हॉलमधल्या कचेरीत. येणारे अशील गिरणीतले, गोदीतले, कोकणातून आलेले, पुष्कळदा फी देण्याची ऐपत नसलेले. भरीला 1925 पासून 1928 पर्यंत बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविण्याची अर्धवेळ नोकरी. जिल्हा न्यायाधीशाची जागा त्यांना देऊ केली गेली होती. ती त्यांनी नाकारली. तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर मिळणारी भाकरी त्यांना नको होती.

त्यांचे नाव गाजविणारा पहिला मोठा खटला आपल्या पुण्यातला आहे, आणि पुणेकरांना तो फारसा आठवत नाही. दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ या नावाचे पुस्तक लिहिले. त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांच्यावर कडक हल्ला होता. भाषा तिखट, पुष्कळ ठिकाणी शिवराळही होती. बदनामीची फिर्याद झाली. जवळकर, केशवराव जेधे, बागडे वकील आणि रामचंद्र लाड अशा चौघांना 1926 साली पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने शिक्षा ठोठावली. सेशन्स कोर्टातल्या अपिलात बाबासाहेब आरोपींच्या वतीने उभे राहिले. समोर पुण्याचे नामांकित वकील ल. ब. भोपटकर.

आता येथे सामान्य वक्ता काय करील? पुस्तकातली मते कशी खरी आहेत यावर तास-दोन तास बोलेल. बाबासाहेबांनी मुद्दा धरला तो कायद्याचा. मृत व्यक्तीची बदनामी हा गुन्हा ठरावयाचा तर तो मजकूर तिच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने लिहिलेला असला पाहिजे, असे दंडसंहितेत आहे. फिर्यादी होता दूरचा नातलग. मग भावना दुखावल्या त्या कोणाच्या? ऑक्टोबर 1926 मध्ये चौघेही सुटले. ज्या शहरात जातीवरून माणसाची किंमत होत होती त्या शहराच्या कोर्टात चार ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना एका महार बॅरिस्टरने सोडविले, ही गोष्ट त्या काळी गावोगाव बोलली गेली असल्यास नवल नाही. मला मात्र त्यातली युक्तिवादाची काटकसर अधिक मोलाची वाटते. न्यायाधीशाला आपले सगळे तत्त्वज्ञान पटवावे लागत नाही. त्याच्यापुढे जो प्रश्न आहे तेवढ्याचे उत्तर आपल्या बाजूने आले म्हणजे पुरे. आमच्या चळवळीतल्या कित्येक जोरदार वक्त्यांना हे शेवटपर्यंत उमगत नाही.

आता महाड. चवदार तळ्याची हकीकत आपण सत्याग्रह म्हणून ऐकतो. ती दिवाणी दावा म्हणूनही ऐकण्यासारखी आहे.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क होता, लेखी होता, दोनदा होता. तीन वर्षे त्या तळ्यावर एकाही अस्पृश्याला ओंजळ भरता आली नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर मारहाण झाली. त्याच वर्षी 4 ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख पाहा: बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करावयाचे ठरले. तेव्हा सनातनी मंडळींनी 12 डिसेंबरला कोर्टात दावा लावला, तळे खाजगी असल्याचे सांगितले आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. 25 डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. लोक खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आले होते, तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. आणि पुढाऱ्याने त्यांना सांगितले की कोर्टाचा हुकूम आहे, सत्याग्रह तहकूब करू. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी हात लावला नाही.

मित्रहो, तापलेल्या सभेला मागे घेणे म्हणजे काय, हे ज्याने संप चालविला आहे त्याला विचारा. पुढे चला म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात. थांबा म्हणणाऱ्याला शिव्या. बाबासाहेबांनी हिशेब केला असा: स्पृश्य समाज आणि सरकार या दोघांशी एकाच वेळी झुंज घेण्याचे बळ आपल्यात नाही, आणि कायदा आपल्या बाजूस आहे तर तो तसा आहे हे कोर्टाच्याच तोंडून वदवून घेऊ. हा वकिलाचा निर्णय होता. त्याची किंमत किती पडली तेही पाहावे. महाडच्या कोर्टाचा निकाल 8 जून 1931 रोजी लागला. वादींनी ठाण्याला अपील केले. ते 30 जानेवारी 1933 रोजी फेटाळले गेले. मग हायकोर्ट. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी 17 मार्च 1937 रोजी शेवटचे अपीलही फेटाळले. (1922 साली अहमदाबादेस महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ते हेच ब्रूमफील्ड.) अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत, हे निकालाचे मर्म.

ओंजळभर पाण्यासाठी सव्वानऊ वर्षे. मधल्या काळात तीन गोलमेज परिषदा झाल्या, येरवड्याचा करार झाला, हा प्रतिवादी एका मोठ्या कॉलेजचा प्राचार्य झाला, त्याने पक्ष काढून निवडणूक जिंकली, दावा चालूच. आमच्या एका सभासदाला कामावरून काढले होते. अकरा वर्षांनी कामावर घेण्याचा हुकूम झाला तेव्हा त्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. पेढे वाटले, पण वाटताना कोणी फारसे बोलले नाही. म्हणून महाडचा निकाल विजय म्हणून सांगताना मला त्यातली वर्षे आधी मोजावीशी वाटतात.

दाव्याच्या जोडीने अध्यापन चालले होते. जून 1928 मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात त्यांची हंगामी प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. 1935 साली ते तेथले प्राचार्य झाले. पत्नी रमाबाई 27 मे 1935 रोजी वारल्या आणि 1 जूनला त्यांनी कॉलेजचा कारभार हाती घेतला. त्याच ऑक्टोबरात येवल्याची धर्मांतराची घोषणा. असे वादळ डोक्यावर घेऊन हा मनुष्य इंग्लंडच्या राज्यघटनेवर व्याख्याने देत होता. ती पुढे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनात छापली गेली आहेत. मुंबई इलाख्यातले कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी 1936 साली कॉलेजच्या मासिकात लेखही लिहिला. 1938 साली ते या जागेवरून दूर झाले. घटनासमितीत 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना त्यांनी जे भाषण केले ते वाचून पाहावे. अमेरिकेची पद्धत कोणती, इंग्लंडची कोणती, संघराज्य म्हणजे काय, आपण कोणते घेतले आणि का. फळ्यापुढे उभे राहून शिकविणाऱ्या मास्तराची ती मांडणी आहे. समोरच्याला आधीपासून सगळे ठाऊक आहे असे तो धरून चालत नाही.

आता आपल्या घराजवळची गोष्ट. ज्या महर्षी कर्वे यांच्या नावाने हे कर्वेनगर ओळखले जाते, ज्यांनी या हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी आश्रम आणला, त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाचा प्रचार केल्यापायी त्यांनी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावली आणि 1927 च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वडिलांना मान देणारे पुष्कळ लोक मुलाचे नाव घ्यावयासही तयार नव्हते. त्यांचे वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. कामविषयक प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि असले प्रश्न लोकांनी विचारूच नयेत असे म्हणता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. त्या काळी बाबासाहेबांपुढे कामांचा डोंगर होता, या खटल्याने त्यांच्या चळवळीला एक मत मिळण्यासारखे नव्हते, उलट टीकाच पदरी पडली असती. तरी घेतले. ‘समाजस्वास्थ्य’ पुढे 1953 पर्यंत निघत राहिले. या वस्तीत महर्षींच्या नावाच्या पाट्या जागोजागी आहेत. रघुनाथरावांच्या नावाची एखादी असावी, असे माझ्या मनात कैक वेळा येऊन जाते.

कामगारांशी त्यांचा थेट संबंध सांगावयाचा तर 1938 साल घ्यावे लागेल. स्वतंत्र मजूर पक्ष 1936 साली स्थापन झाला होता आणि बाबासाहेब मुंबई विधानसभेत विरोधी बाकावर होते. सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. समेटाची ठरलेली प्रक्रिया पुरी होण्याआधी केलेला संप बेकायदा आणि बेकायदा संपाला शिक्षा, अशी त्यातली योजना. सप्टेंबरात बाबासाहेब त्यावर बोलले ते पुन्हा वकिलासारखे. नोकरी हा करार आहे. कामगाराने काम सोडले तर करार मोडला. फार तर नुकसानभरपाईचा दावा लावा. दिवाणी चुकीला तुरुंगाची शिक्षा कशी? शिक्षेचा धाक घालून माणसाला कामावर उभे करणे याला दुसरे नाव गुलामगिरी. आणि हे नुसते बोलणे नव्हते. काम सोडणाऱ्या मजुराला कैदेत टाकणारा 1859 चा कायदा या देशात खरोखरच होता आणि तो 1925 साली रद्द झाला होता. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. विधेयक तरीही मंजूर झाले. पुढे 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखात्याचे प्रमुख होते. कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला तो 1946 च्या दुरुस्तीने. या कारकिर्दीवर वेगळे व्याख्यान होईल.

घटनेचा इतिहास आपणांस परिचित आहे. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटना एकट्याने लिहिली असे भक्तिभावाने सांगितले जाते. खुद्द त्यांनीच 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बेनेगल नरसिंह राव आणि सु. ना. मुखर्जी यांना श्रेय दिले आहे. त्याचबरोबर समितीतले कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी दूर राहिले आणि भार अखेर यांच्यावर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहात सांगितले तेही खोटे नव्हे.

मला थांबावयाचे आहे ते 9 डिसेंबर 1948 या दिवशी. त्या दिवशी आजच्या कलम 32 वर चर्चा झाली. मूलभूत हक्क मोडला तर नागरिकाने थेट सर्वोच्च न्यायालयात जावे आणि न्यायालयाने सरकारला हुकूम करावा, असे हे कलम. पकडलेल्या माणसाला आमच्यापुढे आणा, हा एक हुकूम. कायद्याने नेमलेले काम कर, असे अधिकाऱ्याला बजावणे, हा दुसरा. इंग्रजी अमलात असे हुकूम काढण्याचा अधिकार मुख्यतः कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन हायकोर्टांपाशी होता, आणि तो कायद्याने दिलेला असल्यामुळे कायद्याने काढूनही घेता आला असता. आता तो घटनेतच गेला. सबंध घटनेतले सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते असे मला विचाराल तर मी हेच दाखवीन, याच्यावाचून घटना निरर्थक होईल, अशा आशयाचे बाबासाहेब बोलले.

समानतेचे कलम त्यांनी दाखविले नाही. ज्याच्यासाठी जन्म घालविला ते अस्पृश्यता नष्ट करणारे 17 वे कलमही दाखविले नाही. दाखविले ते दाद मागण्याचे. महाडचे तळे 1923 साली खुले झाले, 1924 साली पुन्हा खुले झाले आणि 1937 साली तिसऱ्यांदा खुले झाले, हे ज्याने अंगावर काढले त्याने दुसरे कोणते कलम दाखविले असते?

त्यांच्या वकिलीतला एक प्रसंग आमच्या लोकांना आवडत नाही, म्हणून तो टाळावा असे मला वाटत नाही. 1951 साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळ सोडल्यावर त्यांनी पुन्हा झगा घातला. 1952 साली जमीनदारी नष्ट करणारे कायदे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा उत्तर प्रदेशातल्या काही जमीनदारांच्या वतीने ते उभे राहिले. योग्य मोबदल्याशिवाय मालमत्ता घेता येत नाही हे घटनेच्या एकंदर भावनेतच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. उत्तर प्रदेशचा कायदा कायम राहिला. कोकणातली खोती बंद व्हावी म्हणून 1937 साली विधेयक आणणारा हाच माणूस. काही जण म्हणतात, वकिलाने येईल त्या अशिलाची बाजू मांडावी हा व्यवसायाचाच धर्म. असेल. न्यायालयाचे म्हणणे मला पटते, आणि त्या दिवशी ते हरले याचे मला दुःख होत नाही. पण घटना लिहिणाऱ्या माणसाचाही घटनेचा अर्थ न्यायालय नाकारू शकते, हे त्याच दिवशी दिसले. त्यांनीच बांधलेल्या घराची ती रीत होती.

हे दार नेहमी उघडे राहिले असेही नाही. आणीबाणीत एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्थानबद्ध माणसाला हायकोर्टात सुटकेसाठी दाद मागता येत नाही, असा निर्णय दिला. पाच न्यायमूर्तींत एकट्या हंसराज खन्ना यांचे मत विरुद्ध पडले. 1978 च्या घटनादुरुस्तीने जीविताच्या हक्काबाबत ती फट बुजविली.

आणि 1982 साली त्याच दारातून कोण आत गेले ते सांगतो. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी मैदाने, पूल, वसतिगृहे बांधली जात होती. बांधणारे कंत्राटी मजूर ओरिसा, राजस्थान, उत्तर प्रदेशातून आलेले. एका नागरिक संघटनेने त्यांच्या स्थितीविषयी न्यायमूर्ती भगवती यांना पत्र पाठविले आणि न्यायालयाने ते पत्रच कलम 32 खालचा अर्ज म्हणून दाखल करून घेतले. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावयास भाग पडणे ही घटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरीच होय, कारण भूक ही देखील सक्ती आहे, असे न्यायालयाने ठरविले. निकालपत्रात मजुरीचा हिशेब आहे. दिवसाला 9 रुपये 25 पैसे ठरलेले होते. त्यांतला 1 रुपया जमादार कापून घेत असे.